बबनकाकांचं मृत्युपत्र

आमच्या पोशीरचे बबनकाका रागावले की शिवी देत नाहीत, मृत्युपत्र बदलतात. समोरच्याकडे चष्म्यावरून बघतात आणि शांतपणे म्हणतात, "कापला रं तुला." मग पायात चपला सरकवून मला हाक मारतात, कारण मी त्यांचा कायमचा साक्षीदार.

त्यांच्या शेजारी माझी पिठाची गिरणी आहे. ज्याला इस्टेटीतलं काही मिळायचं नाही असाच माणूस साक्षीला बरा, असं कर्जतच्या वकीलबाईंनी एकदा सांगितलं. काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की दारचा आंबा लागला तरी मला एक फोड देत नाहीत. साक्ष बाद व्हायला नको!

काका खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इस्टेट म्हणजे थोडी भाताची जमीन आणि स्लॅबचं घर. थोरला सुरेश कल्याणला असतो. त्याने गणपतीत टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला, कापला. पनवेलच्या धाकट्या महेशने जमीन फार्महाऊसवाल्याला देऊ म्हटलं, कापला. थोरली सून सुनीता बोंबलाच्या कालवणात मीठ जास्त टाकून गेली, तीही कापली. एकदा पुतण्याने जीपमध्ये पुढची सीट दिली नाही म्हणून काका कर्जतला निघाले. वकीलबाई म्हणाल्या, पुतण्याचं नाव मुळात कुठे नाहीच. काका विचारात पडले.

"मग आदी घाला," म्हणाले. "मंग कापू."

वकीलबाई दर वेळी त्यांना समजावत. बँकेत दुसरं नाव जोडा, अंथरुणाला खिळलात तर व्यवहार कोण बघेल, दवाखान्यात निर्णय कोण घेईल, हे धडधाकट असतानाच ठरवा. काका म्हणायचे, मला काय धाड भरलीय? आणि कुणाला तरी कापून परत यायचे.

या माणसाला घरात एकाच व्यक्तीचा राग येत नसे. ती म्हणजे त्यांची बायको, शेवंताकाकू. त्यांना दोनेक वर्षांपासून विसरायला होत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे, वाढत जाणार. काकू चहात मीठ घालत, काका पिऊन टाकत. काकू त्यांच्या चपला फ्रिजमध्ये ठेवत. काका त्या गुपचूप काढून पायात घालत आणि मला सांगत, गारेगार लागतात, उन्हाळ्यात बरं असतं.

मग यंदा भातकापणीच्या सुमारास काका न्हाणीत चक्कर येऊन पडले. कर्जतच्या दवाखान्यात ठेवलं. दोन्ही मुलगे धावत आले. काकांना झोप लागलीय असं समजून खाटेपाशीच हळू आवाजात बोलू लागले. बाबांचं काही बरंवाईट झालंच तर आईला सहा महिने तू ने, सहा महिने मी, आणि घर विकून टाकू. मी पलीकडे बसलो होतो. काकांचा एक डोळा उघडा होता. आता "कापला" येणार म्हणून मी वाट बघितली. काकांनी तो डोळाही मिटून घेतला.

घरी आल्यावर जरा चालता येऊ लागलं तशी त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही कर्जत गाठलं. वकीलबाईंनी इतकी वर्षं सांगितलेलं सगळं काकांनी एका बैठकीत मान्य केलं. बँकेत सुनीताचं नाव, दवाखान्याचा निर्णय सुनीताचा. घर आणि जमीन काकू असेपर्यंत काकूंची, तोवर कुणी विकायची नाही. नंतर सुनीताची. मी बोंबलाची आठवण काढली.

"मीठ जास्तीच टाकते," काका म्हणाले. "पन दर शनवारी येऊन सासूची वेणी घालते. पोरं येतात ती फोन बघत बसतात."

वकीलबाई कागद आवरू लागल्या तेव्हा काका म्हणाले, अजून एक लिहायचंय. काकू अधूनमधून आपल्या वडिलांना शोधतात. ते जाऊन जमाना झाला. काकांनी पहिल्यांदा खरं सांगितलं, तर काकू आत्ताच बातमी कळल्यासारख्या रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तशाच रडल्या. तिसऱ्या दिवसापासून काका खोटं सांगू लागले.

"उद्या ती मला पन शोधंल," काका म्हणाले. "तवा मी मेलो म्हनून कुनी सांगायचं नाय. बाजाराला गेलाय म्हनायचं."

वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या, काका, हे मृत्युपत्रात बसत नाही. वेगळ्या कागदावर लिहून देते.

"इस्टेटीच्या मदीच लिवा. पोरं तेवडंच वाचतील."

बाईंनी लिहिलं. मी सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला आणि बाईंना विचारलं, बाजार कुठला लिहिला?

"कशेळ्याचा घाला," ते म्हणाले. "म्हायेर हाय तिचं. तिथं गेलेला मानूस गप्पा मारत बसतो, लवकर येत नाय, ह्ये तिला ठावं हाय."