दर मंगळवारी चढणारं पाणी

सत्यमच्या आलेखात बिलोलीकडच्या एका विहिरीचं पाणी दर मंगळवारी मीटरभर वर येत होतं आणि बुधवारी मुकाट्याने खाली जात होतं. विष्णुपुरीजवळच्या त्या संशोधन केंद्रात प्रोग्राम लिहिण्याचं काम त्याचं. तीन दिवस त्याने प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला, पण चूक काही सापडेना. अखेर हात टेकून त्याने तो आलेख केंद्रप्रमुख अण्णाराव सरांपुढे ठेवला.

सर हरखून गेले. मंगळवारी गाव बाजाराला जातं, पाण्याच्या मोटारी बंद राहतात, विहिरीला उसंत मिळते, असा सिद्धांत त्यांनी हातातला चहा संपायच्या आत मांडला. दुपारपर्यंत त्याचं 'बाजार-विश्रांती परिणाम' असं बारसंही झालं आणि लातूरच्या केंद्राला पत्र गेलं. तिथले प्रमुख श्रीमंत सर मंगळवारी स्वतः पाहायला येतो म्हणाले. शोधनिबंधावर पहिलं नाव सत्यमचं लागणार होतं, आणि त्याने ते आईला सांगूनही टाकलं होतं.

तोंड आंबट होतं ते फक्त राजकन्या मॅडमचं. गावोगावच्या नोंदी जपणं हे त्यांचं खातं. वहीच्या कोपऱ्यातली खाडाखोडसुद्धा त्या सांभाळून ठेवत, आणि सत्यम त्याला मनातल्या मनात हसत असे.

"मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"काढला मी. फाईल लई जड होऊन राहिली होती. पाणी कुणी का मोजंना, मॅडम, पाण्याला काय त्याचं?"

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. मूळ प्रतीला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, ती उघडून समोर ठेवली. सगळ्या मंगळवारांपुढे नागुबाई होती आणि उरलेल्या सहा वारांपुढे शेषेराव. नागुबाईंचंच काहीतरी चुकत असणार, असं सत्यमने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी तो आणि मॅडम विहिरीवर गेले. उंचेपुरे शेषेराव मोजणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊनच आले होते. मंगळवारी ते बाजाराला जात, म्हणून त्या दिवशी त्यांची बायको नागुबाई मोजत असे. त्यांनी ताठ उभं राहून कमरेपाशी टेप धरला आणि पाण्यापर्यंत सोडला.

"वाकलं की पाठीत चमक भरतीय," ते म्हणाले. "टेप तर त्योच हाय न्हवं?"

नागुबाईंनी पदर खोचला, काठावर पालथ्या पडल्या आणि टेप जमिनीलगतच्या लाल खुणेला टेकवून आकडा सांगितला. राजकन्या मॅडमनी लिहून पाठवलेला सूचनांचा कागद त्यांनी सुनेकडून तीनदा वाचून घेतला होता.

बरोबर होता तो मंगळवारच. चुकले होते ते सहा वार. सत्यमला लाज वाटली, आणि त्याहून जास्त या दोन बायांचं कौतुक वाटलं. एकीने कागद लिहिला, दुसरीने तो पाळला, आणि शोध लावायला निघालो होतो आपण.

त्याने शेषेरावांची कंबर जमिनीपासून मोजली. एक मीटर चार सेंटीमीटर. सहा वार पाणी खोल दिसत होतं ते नेमकं तेवढंच. केंद्रात परतल्यावर मॅडम एकेक नोंद तपासून सांगत गेल्या आणि सत्यम दुरुस्तीचा प्रोग्राम लिहीत गेला. मोजणाऱ्याचं नाव नसलेली फाईल यापुढे प्रोग्राम उघडणारच नाही, अशी सोयही त्याने आपणहून केली. दिवस मावळायच्या आत आलेख सरळ झाला, शोधनिबंध हातचा गेला, आणि तरी ती रेघ सत्यमला फार आवडली.

मंगळवारी श्रीमंत सर आले. पाहुण्यांना कसं सांगावं या विचारात अण्णाराव सर छताकडे बघत बसले, तेव्हा सत्यमनेच उठून सगळं सांगितलं, कमरेच्या मापासकट. आता हसं होणार, म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला.

श्रीमंत सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला.

"आमच्याकडच्या अकरा विहिरी दर शुक्रवारी चढतेत," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या दिल्लीला त्याच्यावरच भाषण हाय माझं."

राजकन्या मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला.

"मोजणाऱ्यांची नावं सांगा, सर," त्या म्हणाल्या. सत्यमने तोवर फोन हातात घेतला होता.