गिडियन आत आला

एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेल्या माणसाला कुत्र्याचं दार म्हणजे हातचा मळ! असं मी म्हणालो होतो. मनात नव्हे, चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघांत, छाती पुढे काढून!

त्याचं कारण गेल्या वर्षी घडलं होतं. आमच्या मिल क्रीकच्या चर्चमध्ये ऑगस्टात घरपरतीचा रविवार असतो. पोटापाण्यासाठी लांब गेलेले सगळे त्या दिवशी गावी येतात, बाहेरून मोठा प्रवचनकार येतो आणि प्रवचन झालं की तो आमच्याकडे जेवतो. बावीस वर्षं हा मान माझ्या बायकोच्या, ओडेसाच्या हॅमचा. मध चोपडून, लवंगा टोचून भाजलेली डुकराची अख्खी मांडी! ती खाऊन एक रेव्हरंड रडले होते म्हणतात. मी त्यांच्या शेजारीच होतो. मीही रडलो होतो.

आणि गेल्या वर्षी आम्ही चर्चमधून परतलो, तर टेबलावर नुसती थाळी! तीही धुतल्यासारखी चकचकीत! स्वयंपाकघराच्या दारात खाली कुत्र्यासाठी केलेल्या झडपेतून रॅकून, ते मांजराएवढं चोरटं रानजनावर, आत शिरला असणार. त्याच आठवड्यात तो डोळ्यांवर काळी पट्टी असलेला दरोडेखोर मी आमच्या कचऱ्याच्या डब्यावर पाहिला होता. आमचा म्हातारा शिकारी कुत्रा गिडियन घरीच होता, पण त्या बिचाऱ्याला इतकं दुःख झालं होतं, की टेबलाखाली पडला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही!

रेव्हरंड पाव आणि लोणचं खाऊन गेले. चर्चची व्यवस्था सांभाळणारी सिस्टर वेल्मा पांढरे हातमोजे सारखे करत म्हणाली, "ओडेसा, वय होतं गं माणसाचं. पुढच्या वर्षी असं काही झालं, तर पाहुणे माझ्याकडे. कायमचे."

ओडेसा काहीच बोलली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ती काहीच न बोलण्याची ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा मला घर रंगवावं लागलं होतं.

म्हणून मी ते दार बनवलं. चौकटीभोवती तारेचं वेटोळं, झडपेला विजेचा खटका आणि गिडियनच्या पट्ट्यात बटणाएवढा बिल्ला. बिल्ला दाराजवळ आला की वेटोळं त्याला ओळखणार, खटका उघडणार आणि माझ्या फोनवर निरोप येणार: 'गिडियन आत आला.' बिल्ला नसेल तर राष्ट्राध्यक्ष आला तरी बाहेर!

"आणि चुकलं तर?" ओडेसाने विचारलं.

"यंत्र चुकत नाही, ओडेसा."

"यंत्राबद्दल नाही विचारलं मी."

रविवार उजाडला. हॅम टेबलावर फडक्याखाली निवत ठेवलं. चर्च हाकेच्या अंतरावर, तेव्हा या वर्षी गिडियनलाही बरोबर घेतलं. एकटा राहिला की झुरतो. ओडेसाने त्याच्या गळ्यात लाल बो बांधला. रविवारी आमच्याकडे कुत्रासुद्धा नटून निघतो! चर्चचं दार उकाड्यामुळे सताड उघडं होतं. गिडियन पायरीवर बसला. मला तो बाकावरून स्पष्ट दिसत होता.

रेव्हरंड ब्रॉडनॅक्स उभे राहिले. बायबलमधली, घर सोडून गेलेल्या आणि परत आल्यावर बापाने मेजवानी दिलेल्या मुलाची गोष्ट. सुरुवातीला हळू बोलले, मग एकेक वाक्य लांबवू लागले, मग त्यांचा आवाज सुरात चढला आणि प्रत्येक ओळीला ऑर्गन हुंकार देऊ लागला. बाहेरून गिडियननेही सूर लावला. प्रवचन असं गायला लागलं की मी या जगाचा राहत नाही. डोळे मिटले. पाणी आलं.

छातीवर फोन थरथरला.

'गिडियन आत आला.'

मी डोळे उघडले. गिडियन पायरीवर. मान वर, बो तिरका, सूर लागलेला.

पुन्हा थरथर. 'गिडियन आत आला.' पुन्हा! आणि पुन्हा! पाच मिनिटांत सात गिडियन आत आले!

मी ओडेसाच्या टोपीखाली तोंड घातलं. "गिडियनचा पट्टा कुठाय?"

"काढला. त्या कळकट पट्ट्यावर बो शोभतो का?"

"काढून ठेवलास कुठे?"

"खिळ्याला अडकवला."

"कुठल्या खिळ्याला?"

"तुझ्या त्या दाराशेजारच्या. आता गप्प बैस, रेव्हरंड रंगात आलेत."

बिल्ला दाराशेजारी म्हणजे खटका उघडा! आल्यागेल्याला मुक्तद्वार! सात निरोप म्हणजे सात रॅकून! पोराबाळांसह! घरपरतीला!

"बापाने दाराला कडी घातली नव्हती!" रेव्हरंड गात होते. "दार उघडं आहे!"

थरथर.

"मी म्हणतो, दार उघडं आहे!"

थरथर! थरथर!

"दार उघडं आहे!" मी ओरडलो आणि ताडकन उभा राहिलो.

"आमेन!" सगळं चर्च गरजलं. ऑर्गनवाल्याने दोन्ही हात आपटले. बावीस वर्षं खाली मान घालून मुळूमुळू रडणारा ब्रदर होझिया टार्वर, म्हणजे मी, आज उभा राहिला! मी बाकातून बाहेर पडलो, तो समोर सिस्टर वेल्मा. एका हाताने तिने माझा दंड धरला, दुसऱ्याने पंख्याने वारा घालू लागली.

"देवाला अडवू नका, ब्रदर, येऊ द्या त्याला आत!"

"तेच नकोय ना! सिस्टर, सोडा, मला घरी जायचंय!"

"आपल्या सगळ्यांनाच जायचंय, ब्रदर! पण वेळ त्याच्या हाती!"

"ब्रदरला घरी जायचंय!" रेव्हरंडनी तेवढंच उचललं. प्रवचन संपत आलं होतं हो! पण माझ्याकडे बघून त्यांना नवा दम आला. "कुणाकुणाला घरी जायचंय?"

दीडशे हात वर गेले. त्यात वेल्माचेही दोन होते. मी सुटलो!

त्रेसष्टाव्या वर्षी माणूस असा धावत नाही. मागून टाळ्या, पुढे गिडियन. अंगणातला झाडू उचलला, देवाचं नाव घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला लाथ घातली.

आत कुणी नव्हतं.

हॅम जागच्या जागी. एकूण एक लवंग शाबूत. छताचा पंखा तेवढा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यावर खिळ्यावरचा पट्टा झोके घेत होता. झोका वेटोळ्याकडे आला की खटका 'टक्', फोन 'थर्र', 'गिडियन आत आला!'

मी तिथेच गुडघे टेकले. मग पट्टा काढला, गिडियनच्या गळ्यात बोवरच घट्ट बांधला, त्याला बाहेर ओसरीवर बसवलं आणि बजावलं, "राख रे बाबा! आता तुझ्यावाचून कुणाला प्रवेश नाही." आणि चर्चला परत. पाहुण्यांना मी हाताला धरून घरी आणायचं, ही बावीस वर्षांची रीत.

दारातच रेव्हरंडनी मला मिठी मारली. "इतकी वर्षं प्रवचन करतोय, ब्रदर, पण एवढ्या भक्तीने धावणारा माणूस पाहिला नव्हता!" वेल्मासुद्धा डोळे पुसत होती. मी नम्रपणे हसलो. आता काय सांगायचं?

छातीवर थरथर.

"काय आलं?" ओडेसाने विचारलं.

"काही नाही. 'गिडियन आत आला.'"

"आता खरा तोच ना?"

"शंभर टक्के! पट्टा त्याच्याच गळ्यात आहे."

ओडेसा चालता चालता थांबली. "होझिया, गेल्या वर्षी तो रॅकून तू घरात पाहिला होतास?"

"घरात म्हणजे... कचऱ्याच्या डब्यावर."

ती काहीच बोलली नाही.

चौथ्यांदा!

मी दुसऱ्यांदा धावलो. टेबलावर थाळी. चकचकीत! खाली गिडियन चारी पाय पसरून, बो हनुवटीवर, इतक्या दुःखात पडला होता की त्याला उठवेना.

मागून सगळे आले. वेल्मा हातमोजे सारखे करू लागली. आणि रेव्हरंड ब्रॉडनॅक्स खुर्चीत कोसळले ते हसून हसून.

"सिस्टर ओडेसा, तासभर मीच घसा फोडून सांगितलं ना, जो घरी परत येईल त्याच्यासाठी मेजवानी मांडलेली असते? गावात एकानेच नीट ऐकलं!" मग डोळे पुसून म्हणाले, "पुढच्या वर्षीही मी इथेच जेवणार. फक्त ब्रदर, दार सुताराकडून करून घ्या."

मान राहिला! पण भूक होतीच, म्हणून त्या दिवसापुरते सगळे वेल्माकडे गेलो. तिची तळलेली कोंबडी मी नुसती तोंडाला लावली. ओडेसाने विचारलंच, तर एकच तुकडा म्हणून सांगा. बाकीचे तीन आग्रहाचे होते.

सध्या घर रंगवतोय.