नव्या रेणूचा सत्कार

कॉलेजच्या फाटकावर 'नव्या रेणूचे जनक' असा फ्लेक्स लागला, तेव्हा तो रेणू अजून चंबूत उकळत होता. फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेले डॉ. विश्वजित सर आणि कोपऱ्यात हात जोडून संस्थेचे अध्यक्ष बाळासो. कोल्हापुरात बारसं आधी आणि बाळंतपण मागनं झालं तरी कुणाचं अडत नाही.

सरांची संशोधक विद्यार्थिनी संघप्रिया आधीच बोलली होती, "सर, आम्लात उकळलं की मधल्या कार्बनला इलेक्ट्रॉन कमी पडणार. शेजारचा मिथिल गट उडी मारून तिकडं जाणार, सांगाडाच बदलणार. तुम्हीच शिकवलंय की."

"शिकवायचं वेगळं, करायचं वेगळं," सर म्हणाले. याच प्रश्नावर त्यांनी निम्मा वर्ग नापास केला होता. "माझ्या चंबूत कुणी जागा सोडत न्हाय."

सत्काराच्या दिवशीच तपासणीचा आलेख आला. गट सरकला होता.

"सर, झालाय तो जुनाच रेणू. आपल्या स्टोअरमध्ये त्याची बाटली हाय," संघप्रिया हळूच म्हणाली. "सीलबंद."

सरांनी मांडवाकडं धाव घेतली.

"अध्यक्षसाहेब, सत्कार रद्द करा. रेणू नवा न्हाय, जुना निघाला!"

"मग अनुभवी हाय म्हणायचं," बाळासो फेटा सावरत म्हणाले. "पावणं आल्यात, मटण शिजलंय. गप खुर्चीवर बसा."

पण सरांची सदसद्विवेकबुद्धी नेमकी त्याच दिवशी जागी झाली. हार, शाल आणि नारळ घेऊन झाल्यावर त्यांनी माईकवर सगळं कबूल केलं. कमी पडलेले इलेक्ट्रॉन, सरकलेला गट, सगळं. मांडवात कुणाला काही कळलं नाही, म्हणून सगळे गंभीर झाले.

बाळासोंनी माईक ओढला. "ऐकलं न्हवं? शेजाऱ्याला कमी पडलं, तर ह्यो गडी आपली जागा सोडून धावला! ह्याला म्हणत्यात शेजारधर्म!"

टाळ्या कडाडल्या. बाळासोंना आणखी चेव चढला.

"आपल्या गगनबावड्याच्या शाखेत केमिस्ट्रीला माणूस कमी हाय. सोमवारपास्नं विश्वजित सर तिकडं!"

"अहो, मग इथं कोण?" सर कसेबसे म्हणाले.

"संघप्रिया मॅडम हाईत की!"

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त नापास मुलांच्या रांगेतून. सरांनी हातातल्या नारळाकडं पाहिलं. सत्काराचा काय आणि निरोपाचा काय, दिसायला दोन्ही सारखेच.