मुरादचाचांचा ण

नळाला पाणी आलं की आमचे मुरादचाचा उठून उभे राहत. नुसते उभे नाही. शर्टाची वरची गुंडी लावत, डोक्यावरची टोपी सारखी करत आणि मग तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुकारत, "मेहमान आला, मेहमान आला." अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला आमची सोसायटी आणि चाचा तिथले पंपवाले. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, एवढंच त्यांचं काम. पण पाणी म्हणजे घरी आलेला पाहुणा आणि त्याच्यासमोर बसून राहणं म्हणजे बेअदबी, असं त्यांचं ठाम मत होतं.

यावरून एकदा मोठा घोटाळा झाला. तळमजल्यावरच्या सामंतांची मुलगी बघायला मंडळी आली. चाचांनी फाटक उघडलं आणि अदबीने वर्दी दिली, "मेहमान आले." पुढच्या मिनिटाला तिन्ही मजल्यांवरच्या बायका बादल्या, कळशा आणि एक अख्खं पिंप घेऊन जिन्यात. नवऱ्यामुलाच्या आईला वाटलं, आग लागली. ती आल्या पावली परत फिरत होती, तिला कसंबसं थांबवलं. लग्न मात्र जमलं.

मी शाळेत मराठी शिकवायचो आणि चाचांचं 'पानी' मला दाताखाली खडा यावा तसं लागायचं. "चाचा, पानी नाही, पाणी. ण. जीभ वर टाळूला लावा." चाचा हसून म्हणत, "बराबर, मास्तर. पानी." दहा वर्षं मी हा ण त्यांच्या गळी उतरवत होतो. वर्गातली नाठाळ पोरं सुधारली, चाचा काही सुधारले नाहीत.

चाचा मूळचे इराणच्या दक्षिण किनाऱ्यामागच्या मुलखातले. तरुणपणी गलबतावर भटारी म्हणून मुंबईला आले, इथे तापाने आडवे झाले आणि गलबत निघून गेलं. बरे होऊन परतायचा विचार करेपर्यंत मधे सीमा आणि कागदपत्रं उभी राहिली. त्यांच्या गावाला ना नदी, ना विहीर. पावसाचं पाणी मोठ्या खड्ड्यात साठवायचं आणि माणसांनी, बकऱ्यांनी वर्षभर तेच प्यायचं. त्या खड्ड्यात मगर राहते. मगर आहे तोवर पाणी आटत नाही अशी तिथली श्रद्धा. तिने बकरी ओढून नेली तरी कुणी तिच्यावर दगड उचलत नाही. या मगरीला तिकडे म्हणतात, गांदो.

आता या शब्दाचा सख्खा भाऊ मुंबईत कुठला, ते मी सांगायला नको.

सेक्रेटरी पेडणेकरांनी खटपट करून सोसायटीला नळाची दुसरी लाइन आणली, तेव्हा वार्षिक सभेत चाचा उठले. वरची गुंडी लावली. "पेडणेकरसाब आहेत म्हणून पानी आहे," ते म्हणाले. "पेडणेकरसाब आपल्या सोसायटीचे गांदो आहेत."

पेडणेकरांच्या हातातला अहवाल खाली पडला. मी घाईघाईने उठून खड्डा, बकरी, मगर सगळं समजावून सांगितलं. पेडणेकरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माका मगर म्हटल्यान?"

"हो."

"मगर म्हटल्यान मां? मगे हरकत नाय," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. मगर म्हटल्यावर एवढा सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एक्याऐंशीची जनगणना आली आणि आमच्या गल्लीची मोजणी माझ्या गळ्यात पडली. पंपाच्या खोलीत जाऊन नाव, वय, धर्म सगळं लिहून घेतलं. "मातृभाषा?"

"जडगाली."

"गाली नको चाचा, भाषा सांगा."

"भाषाच आहे. आपले लोक जडगाल, बोली जडगाली." चाचा कागदात डोकावले. "लिहा ना मास्तर. सरकारी कागदात आली, तर ही बोलणारा दुसरा कोण असेल तो समजेल. एवढी मोठी मुंबई, कोणतरी असेल ना?"

चाचांना वाचता येत नव्हतं आणि मला पुढे चाळीस घरं होती. असली भाषा मी जन्मात ऐकली नव्हती. वरून कुणी विचारलं तर काय सांगणार? मी 'उर्दू' लिहिलं आणि म्हणालो, "लिहिलं."

चाचा उठून उभे राहिले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

ती गुंडी मला चार दिवस छळत राहिली. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा कोंबडीची मुंडकी कागदात बांधून पवई तलावावर मगरीला सलाम करायला जात. त्या शुक्रवारी मीही सोबत गेलो. काठावर उभे राहून चाचा लाडाने हाका मारू लागले, "गांदो, ए गांदो." गळ टाकून बसलेले दोघे बाह्या सरसावून उठले. त्यांची समजूत घालता घालता मला घाम फुटला. तेवढ्यात समोर पाण्यावर दोन डोळे आले.

आणि चाचा बोलायला लागले. हिंदी नाही, मराठी नाही. एरवी तुटक तुटक बोलणारा हा माणूस हातवारे करत, मधेच हसत, आठवड्याची सगळी हकिगत सांगत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. आणि अचानक एक शब्द कळला. पाणी. पानी नव्हे. जीभ टाळूला लावून, माझ्या आईसारखा ठसठशीत ण.

"चाचा, तुम्हाला ण येतो?"

चाचा ओशाळले. "आपल्या बोलीत तोच आहे ना. पण गोदीत सगळे हसले. बोलले, जंगली, पानी बोल. मग सोडून दिला."

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि हिला कळतं तुमचं बोलणं?"

"ते मालूम नाही," चाचा पाण्याकडे बघत म्हणाले. "पण ती हसत नाही."

घरी येऊन मी त्यांचं पत्रक काढलं, 'उर्दू' खोडलं आणि माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात 'जडगाली' लिहिलं. आधी काय लिहिलं होतं ते त्यांना सांगायचा धीर मला कधीच झाला नाही. पुढे कितीतरी दिवस ते विचारत, "मिळाला काय मास्तर, दुसरा?" मी म्हणायचो, "मोजणी चालू आहे, चाचा."

एका सकाळी त्यांची आरोळी ऐकून मी खाली उतरलो, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली.

"कोण आलं, चाचा?"

त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं.

"पाणी," ते हळूच म्हणाले.

मी हसलो नाही.