माहेरपणाला आलेली सुंदरा

मी एकदा ठरवलं की ठरवलं, असं मी दसऱ्याच्या आधी आमच्या घरात जाहीर केलं. रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की अर्धा तास पुस्तक वाचायचं. त्या अर्ध्या तासात मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही आणि शाळेच्या ऑफिसातली क्लार्कही नाही.

"वाच की. कोणी अडवलंय?" वाल्मीक, म्हणजे माझा नवरा, मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

कोणीच अडवलं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलीची दहावी, मग बारावी, यात कोणी न अडवताच माझं वाचन बंद पडलं होतं. मला ते परत हवं होतं. बाकी आयुष्याकडून आता फारशा अपेक्षा नाहीत.

एकटीला जमणार नाही म्हणून मी 'उशाशी पुस्तक' या आमच्या जुन्या ऑनलाइन गटात परतले. नाशिक आणि आसपासच्या वाचणाऱ्यांचा हा गट. तिथे एक पद्धत आहे. कुणाच्या घरी रंगकाम निघालं, भिंतीला ओल आली किंवा वाळवी लागली, की त्याची पुस्तकं दुसऱ्या सभासदाच्या घरी राहायला जातात. याला आम्ही माहेरपण म्हणतो. माहेरपणाला आलेल्या पुस्तकाला नाही म्हणायचं नाही, आणि ते परत कधी जाणार हेही विचारायचं नाही. माहेरवाशिणीला असं कोणी विचारतं का? मालक न्यायला आला की नवं कव्हर घालून पाठवायचं. ती त्याची ओटी.

परत येणाऱ्याने गटात चार ओळी लिहायच्या असतात. मी भावनेच्या भरात चांगला निबंध लिहिला. शेवटी म्हटलं, "पुस्तकं आणि प्राणी, दोन्ही माझी जिवाभावाची. माझ्याकडे दोघांनाही माहेरपणाला खुशाल पाठवा. दार उघडंच आहे." सोबत गॅलरीत येणाऱ्या मांजरीला दूध पाजतानाचा फोटो टाकला. खरं तर आमचं दार लॅचचं आहे, ते आपोआप बंद होतं. पण लिहिताना माणूस असं काहीतरी लिहून जातो.

बदाम आले, हात जोडलेले आले. आणि इंदिरानगरच्या मनीषाताईंचा फोन आला.

"योगिनीताई, किती सुंदर लिहिलंत हो. आमच्याकडे पीओपीचं काम निघालंय. पुस्तकं चुलत जावेकडे ठेवली. बोक्याचीच काळजी होती."

बोका आपली वाटी, आपली गोधडी आणि आपला स्वभाव घेऊन आला. आल्या आल्या त्याने माझी वाचायची खुर्ची पसंत केली. उठवायला गेलं की तो पंजा उगारी. मी म्हटलं, ठीक आहे, पलंगावर बसून वाचू.

मग कॉलेज रोडचा रोहित लव्हबर्ड्सचा पिंजरा घेऊन आला. त्याची बदली झाली होती, नवं घर सापडेपर्यंत पक्षी माझ्याकडे. दिवा चालू असला की ते ओरडत, बंद केला की गुपचूप झोपत. मी पलंगावर अंधारात पुस्तक मांडीवर घेऊन बसू लागले.

"वाचन कसं चाललंय?" वाल्मीकने विचारलं.

"चाललंय," मी म्हटलं. भांडायला अंगात त्राण लागतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिंडोरीहून चिमाजीकाका आले. गटातले सगळ्यात दांडगे वाचक. द्राक्षाच्या बागेत ट्रॅक्टर उभा करून त्याच्या सावलीत वाचतात. त्यांच्या मागे दोरीला धरून एक पांढरी शेळी दुसरा मजला चढून आली होती.

"ताई, ही सुंदरा," काका म्हणाले. "छाटणी झाली, आता फवारणी सुरू हाय. ही दावं तोडती आन औषध मारलेली पानं खाती. जिवाला काय झालं म्हंजी? तुमचं वाचलं आन म्हणलं, देवच पावला. लय गुणाची हाय, तरास नाय द्यायची."

जिवाचा प्रश्न होता. मी दोरी हातात घेतली. काका पायऱ्या उतरू लागले तेव्हा वाल्मीकने वरून विचारलं, "काका, फवारणी साधारण कधी संपते?"

"द्राक्षं काढली की संपती," काका म्हणाले. "फेब्रुवारी-मार्च."

मी वाल्मीकला आत ओढलं. "असं विचारायचं नसतं."

"शेळीला आपण गॅलरीत ठेवणार आहोत का?"

"असंही विचारायचं नसतं."

सुंदरा खरंच गुणी होती. फक्त तिला झेंडू आवडायचा. दसऱ्याच्या सकाळी दूधवाल्यासाठी दार उघडलं, तेवढ्यात ती बाहेर सटकली. आमच्या मजल्यावरची सगळी तोरणं तिने तोंड पोचेल तिथपर्यंत खाल्ली आणि मग वरच्या मजल्यावर गेली. सोसायटीचे सेक्रेटरी बोरस्तेकाका तिथे राहतात. त्यांनी तोरणासोबत नव्या गाडीचा हारही दाराशी काढून ठेवला होता.

"वहिनी, ही शेळी कुणाची?"

"आमची माहेरवाशीण आहे," मी म्हणाले. त्यांनी वाल्मीकला बाजूला घेऊन माझी तब्येत विचारली.

पण त्यांनी ठणकावलं होतं, शेळी हलवा. आता माझाही नाइलाज होता. नियम मालक न्यायला येण्याचा आहे, पण माहेरच्यांनी स्वतः पोचवायला जाऊ नये असं कुठे म्हटलंय? मी खण-नारळ घेतला, वाल्मीकने मित्राचा टेम्पो आणला आणि आम्ही सुंदराला घेऊन दिंडोरी गाठलं. वाटेत मला जरा बरं वाटत होतं. परतल्यावर वाचायचं, अंधारात का होईना, असं मी ठरवून टाकलं होतं.

चिमाजीकाकांच्या पत्नी नवसाबाईंनी टेम्पोतच सुंदराला कुंकू लावलं. माझ्या हातातला खण-नारळ बघून त्यांचे डोळे भरून आले.

"बघा, माणसं कशी असत्यात," त्या काकांना म्हणाल्या. "पोरीची ओटी घेऊन आली. ह्यांनी सांगितलंच आसंल तुमाला, गाभण हाय ती."

ह्यांनी सांगितलं नव्हतं.

"पयलटकरीण हाय," नवसाबाई म्हणाल्या. "पयलं बाळंतपण म्हायेरीच व्हायला पायजे. तुमी हायेत म्हणून आमाला घोर नाय."

त्यांनी सुंदराच्या गळ्यात नवी घंटा बांधली, टेम्पोत मक्याचा हिरवा चारा भरला, गूळ दिला आणि आमची पाठवणी केली. काकांनी त्याचा फोटो गटात टाकला. खाली लिहिलं, 'माहेरी निघाली.' येताना वाटभर मागे घंटा वाजत होती.

बोरस्तेकाकांना मात्र शेळी बाळंतपणाला आली आहे हे कळल्यावर त्यांचा आवाज खाली आला. अशा दिवसांत तिला बाहेर काढायला सांगणं त्यांच्या बायकोला पटलं नाही. ती आता रोज मेथीची जुडी आणून देते आणि जाताना म्हणते, जिना चढू देऊ नका तिला.

काल गटात महिन्याचा आढावा झाला. मनीषाताईंनी लिहिलं की बोका नसल्याने घर इतकं शांत आहे की एक जाडजूड कादंबरी बसल्या बसल्या संपली. रोहितने लिहिलं, पक्षी नाहीत म्हणून रोज मध्यरात्रीपर्यंत दिवा लावून वाचतो. चिमाजीकाकांनी तर वाचलेल्या पुस्तकांची रांगच लावली होती, सुंदराच्या मागे धावणं थांबलं म्हणून. सगळ्यांनी माझे आभार मानले. गटाचं वाचन इतकं कधीच झालं नव्हतं म्हणे. मला ते वाचून रडू आलं, ते आनंदाचं आहे असं मी लिहिलं.

मग कुणीतरी विचारलं, "योगिनीताई, तुम्ही सध्या काय वाचताय?"

मी खरं ते लिहिलं. "'शेळीची प्रसूती : घ्यावयाची काळजी.' जनावरांच्या दवाखान्यातून मिळालेलं पत्रक आहे. सारखं मध्येच उठावं लागतं, त्यामुळे शेवटापर्यंत पोचलेले नाही."

लगेच चिमाजीकाकांचं उत्तर आलं.

"शेवट मी सांगतो ताई. डॉक्टरनी तपासली व्हती. जुळी हायेत."