पाटणकर काका आणि भुरीच्या पेशी

पाटणकर काका बगलेत कुत्र्याचं रक्त धरून चहा पितात. खोटं सांगत नाही. रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळं पाणी, त्यात बेकरीतलं चिमूटभर यीस्ट, बाटलीला बूच, आणि बाटली बगलेत. "अर्धा तास. अंगाची ऊब लागते," म्हणतात. "बिस्कीट घे."

जनावरांच्या दवाखान्याच्या लॅबमधून ते निवृत्त झाले, पण भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत त्यांची लॅब चालूच आहे. गल्लीतली कुत्री त्यांना पाहून भुंकत नाहीत. गप्प होतात आणि मागे मागे येतात. त्यामुळे माणसं त्यांच्याकडे जात नाहीत.

मी गेले, कारण भुरीला गेटवर राहू द्यावं या अर्जावर मला सही हवी होती. भुरी आमच्या गेटवरची कुत्री. तिच्या पायाची जखम भरतच नव्हती. सेक्रेटरी म्हणाले, "स्मेल मारती है, उठवा दो." उठवून कुठे? मी घरोघर पत्रकं वाटली : 'जखम हा गुन्हा नाही.' लोकांनी त्यावर भजी निथळली.

काकांनी पत्रक उलटं करून त्यावर बाटली ठेवली. "सही नंतर. आधी तिचं रक्त आण."

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासायला काढलेल्या रक्तातली एक नळी आणली. तुलनेसाठी गल्लीतल्या धडधाकट मोत्याचीही.

भर दुपारी पडदे ओढलेले. दोन थाळ्यांत चायना ग्रासची जेली, प्रत्येकीला दोन भोकं. एकात त्या त्या कुत्र्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, दुसऱ्यात बगलेतलं पाणी.

"जंतू शिरले की रक्तात या पाण्यातल्यासारखंच रसायन तयार होतं. पसरतं. जिकडे दाट, तिकडे या पेशी चालतात. बोलावणं आलंय म्हणायचं."

दोन तासांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. मोत्याच्या पेशी जेलीखालून सरकत होत्या. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी सगळ्या एकाच दिशेला. मोत्या स्वतः तेव्हा खाली रिक्षाखाली झोपला होता.

भुरीच्या थाळीत एकही हलली नव्हती.

"मेल्यात?"

"जिवंत आहेत. पण त्यांना कळतच नाही."

"मग रस्त्यावर राहिली तर?"

"मरेल. हिला कोरडी जागा हवी, रोज जखम धुवायला हवी. जन्मभर."

"असं लिहून द्या काका, सेक्रेटरीच्या तोंडावर मारते!"

"कागद ती काय चाटणार आहे? वर आण तिला."

ज्या घरात ते मोलकरणीलाही घेत नाहीत, तिथं त्यांनी टेबलाखालचे खोके ओढून काढले आणि एक सुती पातळ चौपदरी घालून अंथरलं.

"काकूंचं?"

"हं. शेवटी साधा ताप झेपला नाही तिला. हॉस्पिटलातून फोन आला, सारखं तुम्हाला विचारतायत. मी लॅबमध्ये होतो. म्हटलं, हातातली थाळी मोजतो आणि निघतो."

मी खाली जाऊन भुरीला उचलून आणलं.

त्यांनी कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवला. भुरीने पाय आखडून घेतला. काका तसेच फरशीवर मांडी घालून बसले, ती पाय पुढे करेपर्यंत.