वानखड्यांचा समुद्र

वानखड्यांच्या घरी जायचं तर आधी दारात हात हुंगवून घ्यावे लागतात. थट्टा नाही. बेल वाजवली की दार अर्धं उघडतं, वानखडे चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "हात दाखवा जी." आपण दोन्ही हात पुढे करायचे. ते वाकून वास घेतात. सेंट, उदबत्ती, डासांचं मलम, यांपैकी कशाचाही संशय आला की पाहुण्याची रवानगी थेट बेसिनकडे. मग दुसरा प्रश्न, "अंगावर तांबं?" बोटात तांब्याची अंगठी असेल तर ती दाराशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या डबीत. एवढं पार पडलं की "या, बसा." आमचे हे पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा म्हणाले, "विमानतळावर निदान वास तरी घेत नाहीत."

कारण असं, की वानखड्यांच्या हॉलमध्ये समुद्र आहे.

फिशटँक म्हणायचं नाही. "फिशटँक दाताच्या डॉक्टरकडे असते," असं ते सुनावतात. सोफ्याच्या जागी भिंतभर लांब काचेची पेटी, तिच्यात खारं पाणी, पाण्यात खडक, खडकांवर जांभळी, पोपटी, गुलाबी प्रवाळं. एक समुद्रफूल आहे, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणीच, आणि त्याच्या पाकळ्यांत लोळणारे दोन नारिंगी मासे. शिवाय लाल पट्ट्यांच्या कोळंब्या. मालवणची एक पाहुणी त्या कोळंब्यांकडे जरा जास्तच प्रेमानं बघत होती, तिला पुन्हा आत घेतलेलं नाही.

आणि हा समुद्र वारज्यात. इथं ज्वारी होती तोवर ठीक होतं. हिंजवडीला कंपन्या आल्या, शेतांत आमच्यासारख्या सोसायट्या उगवल्या, शनिवार पेठेतून आम्ही आलो, खडकीच्या क्वार्टर्समधून वानखडे आले. जन्मानं ते अकोल्याकडचे, म्हणजे समुद्राशी संबंध भूगोलाच्या पुस्तकापुरता. उभी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात. तिथं रोज गेटवर झडती, काडेपेटी काढून ठेवायची, बुटाला खिळा चालत नाही. निवृत्त झाल्यावर लोक भजनीमंडळात जातात, यांनी गेट घरी आणलं.

"सिस्टिम डिस्टर्ब होते" हे त्यांचं ब्रीदवाक्य. दार आपटलं, सिस्टिम डिस्टर्ब होते. वरच्या मजल्यावर फरशी बसवायची निघाली, सिस्टिम डिस्टर्ब होते. आमच्या पुतण्यानं लग्न ठरवून मोडलं तेव्हा मी सहज त्यांच्यापाशी बोलले, तर दोन्हीकडच्या आईबापांचा विचार करून ते हळहळत म्हणाले, "पाहा ना, दोन-दोन सिस्टिम डिस्टर्ब झाल्या."

त्या घरात एसी आहे तो समुद्रासाठी. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर चालतो तोही समुद्रासाठी. सगळी इमारत अंधारात आणि यांच्या खिडकीत निळा उजेड, त्या उजेडात पंख्याविना बसलेल्या शोभाताई, म्हणजे सौ. वानखडे, गवार मोडत असतात. हॉलमध्ये परदेशी मिठाच्या बादल्या रचलेल्या, आणि एकदा शोभाताई वाटी घेऊन माझ्या दारात. "मीठ देता का व थोडं? आमच्या घरचं आम्हाले खाता येत नाही."

मी एकदा विचारलंच, एवढं दिवसभर करता तरी काय. ते म्हणाले, "समुद्रात आपल्याले काही सुधरवता येत नाही, बापा. फक्त बिघडवता येते. आपण बिघडवायचं नाही, इतकंच काम." हे वाक्य सोसायटीच्या कमिटीनं फ्रेम करून लावावं असं माझं मत आहे.

त्यांचा मुलगा अमोल मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. त्याच्या वर्गातली मुलं कॉम्प्युटरपुढे बसली, हा पाण्यावर गेला. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन येतो. मध्ये कितीतरी दिवस काहीच कळत नाही. त्याच्याविषयी वानखडे बोलत नसत. "अमोल कसा आहे?" विचारलं की "ठीक असन" म्हणून काचेवरच्या थर्मामीटरकडे वळत. त्याला पहिल्यांदा मुंबईला पोहोचवायला गेले होते तेव्हाच त्यांनी खरा समुद्र पाहिला. शोभाताई सांगतात, "हे पायसुद्धा ओले करेनात. लांबून नुसते पाहत उभे." घरी आल्यावर थोड्याच दिवसांत काचेची पेटी आली.

आता आमच्या सासूबाईंचा प्रवेश. त्या काशीयात्रा करून आल्या आणि सोबत गंगेच्या लोट्या आणल्या. तोंड झाळून बंद केलेल्या, इवल्याशा, लखलखीत. नातेवाइकांत वाटून एक उरली. गंगा शेवटी समुद्राला मिळते, आणि समुद्र तर समोरच्या ब्लॉकमध्ये. नारळी पौर्णिमेला सोसायटीतल्या बायका तिथं काचेला नारळ टेकवून येत, वानखडे चालवून घेत. मग गंगेनं काय घोडं मारलं होतं?

दारातल्या तपासणीत सासूबाईंचे हात स्वच्छ निघाले. बोटातली वातासाठीची तांब्याची अंगठी त्यांनी शहाण्यासारखी डबीत टाकली. लोटी पदराखाली होती, आणि कारखान्याच्या शिस्तीतला माणूस झाला तरी म्हाताऱ्या बाईचा पदर तपासत नाही. वानखडे गॅलरीत पाणी मोजायला गेले, शोभाताई चहा टाकायला. सासूबाईंनी घरूनच तोंड फोडून आणलेल्या लोटीतली गंगा अर्पण केली. गंगा द्यायची आणि भांडं घरी न्यायचं हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून लोटीही सोडली. ती अलगद खडकामागे जाऊन बसली.

दोन-तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, वानखडे आमच्या दारात. पायात चप्पल नाही, चेहरा उतरलेला. "तुमच्याकडे पेस्ट कंट्रोल केलं काय? रंगकाम?" कोळंब्या मरून पडल्या होत्या. प्रवाळं मिटून घेत होती. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. ते जिन्यात प्रत्येक दार ठोठावून हेच विचारत होते. मागून शोभाताई आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "अमोलचं जहाज सिंगापूरहून निघालं तवापासून फोन नाही. तेच्यात हे."

देवघरातून सासूबाईंचा आवाज आला. "अगं बाई, गंगा घालूनसुद्धा गुण नाही म्हणायचा?"

"कुठली गंगा?" मी विचारलं.

"माझी. लोटीसकट सोडली की!"

मला वाटलं आता हा माणूस फुटणार. पण वानखडे देवघराच्या उंबऱ्याशी वाकून अगदी हळू म्हणाले, "आजी, कोन्या बाजूनं सोडली?" मग धावले. शर्टासकट खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी लोटी बाहेर काढली. तिच्यावर हिरवट थर चढला होता. तांबं असल्या जिवांना विष असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पाणी बदलायचं होतं, आणि भरपूर. मी सोसायटीत आरोळी दिली. ज्यांच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं त्यांनी ते चालू करून ठेवलं. लोक भांडी भरभरून आणू लागले आणि वानखडे दारात पहारेकरी. "हंडा नको! घागर नको! प्लास्टिक!" पुण्यातल्या स्वयंपाकघरांत धातूची नसलेली किती कमी भांडी असतात ते त्या सकाळी कळलं. शेवटी आंघोळीच्या बादल्या घासूनपुसून आल्या. एरवी पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणारे दोन गृहस्थ एकाच बादलीची कडी धरून जिना चढले. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांना कोणी दोष देत नव्हतं, त्यामुळे त्या जास्तच खजील झाल्या होत्या.

दुपारी वानखडे बादलीत मीठ विरघळवत होते आणि दर मिनिटाला मान वळवून काचेकडे बघत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वानखडे, एवढं जिवाला लावून घेऊ नका. मासे वाचलेत. बाकीचं पुन्हा आणता येईल."

ते ढवळायचे थांबले.

"विकत आणाची गोष्ट नाही, ताई. आपलं पोट्टं त्याच्या घरी हाय. त्याची लेकरं आपल्या घरी हायेत. आपण नीट सांभाळली तं तो बी नीट सांभाळन. असा हिशेब हाय आमचा." आणि ते पुन्हा ढवळू लागले. "त्याले हे मंजूर हाय का, माहीत नाही. मी तं आपल्याकडून पाळून राह्यलो."

खिळ्याखिळ्याची झडती घेणारा हा माणूस, आणि इतकी वर्षं एवढ्या मोठ्या समुद्राशी त्याचा हा एकतर्फी करार चालला होता. सासूबाई उठल्या, काचेसमोर गेल्या, हात जोडले आणि भांडल्यासारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "चूक माझी आहे. वानखड्यांच्या पोराला बोल लावायचा नाही."

बरीच प्रवाळं गेली. पण हळूहळू समुद्रफुलानं एक पाकळी उघडली, मग दुसरी, आणि मासे पुन्हा त्यात लोळायला लागले. अमोलचा फोन आला तेव्हा वानखडे त्याच्याशी एवढंच बोलले, "इथं सगळं ठीक हाय." सासूबाईंची अंगठी मात्र अजून त्या प्लास्टिकच्या डबीत आहे. वात बळावला तरी त्या परत घेत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास अमोल सुट्टीवर आला. जिन्यात बॅगांचा आवाज झाला म्हणून मी दार उघडलं. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला मुलगा स्वतःच्या घराच्या दारात उभा होता आणि समोर वानखडे, चष्मा कपाळावर.

"हात दाखव."

अमोलनं हसत दोन्ही हात पुढे केले. वानखड्यांनी ते धरले, नाकाशी नेले आणि तसेच उभे राहिले. तपासणी फारच लांबली.

"बाबा, सेंट नाही लावलं," अमोल म्हणाला.

आतून शोभाताई ओरडल्या, "अवो, त्याले आत तं येऊ द्या!"

वानखड्यांचे डोळे मिटलेले होते. "थांब जरा," ते म्हणाले. "पाहू दे नीट."